आत्याबाईंच्या डोळ्यातलं रक्त

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. आमच्याकडे तशीच रीत होती. मी बार्शीटाकळीच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली, आणि त्या अकोल्याच्या, मोर्णेकाठच्या फुलांच्या मळ्याच्या धनीण. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात आत्याबाई, माझे मालक आणि मी, एवढीच माणसं. मालक मोट हाकायचे, वाफे बांधायचे. फुलं तोडणं, हार करणं आणि बाजारात बसणं हे आत्याबाईंचं काम. लग्न होऊन आले तशी मीही त्यांच्या शेजारी बसू लागले.

लढाईचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, आणि कुठल्याही गोष्टीचा हुकूम नागपुराहून सुटायचा. रॉकेल मिळेनासं झालं होतं, म्हणून दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकायची आणि उजाडता उजाडता आम्ही दोघी वाफ्यांमधून फिरायचो. त्या सगळ्या काळाची आठवण मला अजून त्याच उजेडात येते. धड अंधार नाही, धड ऊन नाही, नदीवरून आलेलं धुकं गुलछडीच्या दांड्यांना लगडलेलं, आणि त्या धुक्यात पुढं चालणारी आत्याबाईंची रुंद पाठ.

त्या अंगानं भरलेल्या होत्या. आवाज मोठा, राग त्याहून मोठा. जेवणात भाकरीबरोबर खारवलेल्या मिरच्या आणि लोणचं असल्याशिवाय त्यांचा घास उतरत नसे. वर मीठ वेगळं घ्यायच्या, चिमटीनं नाही, मुठीनं. सकाळ-संध्याकाळ दातांना तंबाखूची मशेरी. डोकं दुखायचं त्यांचं, मागच्या बाजूनं, मानेच्या वर. तेव्हा त्या फडकं करकचून बांधून कामाला बसायच्या. विहिरीची चढण चढताना दम लागायचा, संध्याकाळी पाय सुजायचे, कानात कुणीतरी जातं फिरवतंय असं त्या म्हणायच्या. वय झालं की असं होतंच, असं आम्हा सगळ्यांना वाटे. त्यांचं वय तरी किती, पन्नाशीच्या आत-बाहेर.

शेवंती भरात आली होती. ओसरीवर आम्ही समोरासमोर बसून हार करत होतो. मी पाहिलं, आत्याबाई पांढऱ्या शेवंतीवरून काहीतरी झटकत होत्या. एक फूल घ्यायच्या, बोटानं झटकायच्या, ठेवायच्या. दुसरं घ्यायच्या, तेही झटकायच्या. मला वाटलं माव्याची कीड पडली असेल. मी त्यांच्या पाटीतली फुलं उचलून पाहिली. फुलं स्वच्छ होती.

विचारलं तर म्हणाल्या, मुंग्या आहेत. मी म्हटलं, नाहीत. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी फुलं पाटीत परत ठेवली. पण दुपारी त्या बाजारात आल्या नाहीत. मी एकटीच टोपली घेऊन गेले, आणि परत आले तेव्हा त्या अंगणात उभ्या राहून, मान वर करून, डावा डोळा झाकून, उघडून, पुन्हा झाकून आभाळाकडे पाहत होत्या.

मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, माह्या डोळ्यात काईतरी पोहून राह्यलं."

त्यांचा तो आवाज मी तोवर ऐकलेला नव्हता.

पुढचे काही दिवस त्या मला रोज सकाळी डोळ्यात काय दिसतं ते सांगायच्या. मालकांना नाही, शेजारणींना नाही, फक्त मला. आधी मुंग्या होत्या. मग केसाचा गुंता झाला. मग त्या म्हणाल्या, पाण्यात शाईचा थेंब पडावा तसं काही पसरतंय, काळं आहे पण कडेला तांबडं. डोळा हलवला की ते मागून डुलत डुलत येतं आणि डोळा थांबला तरी थोडं पुढं जाऊन मग थांबतं. त्या हे सांगताना हात हवेत फिरवायच्या, आणि मलाही ते दिसू लागायचं. आमच्या मधल्या हवेत लाल काळा धूर तरंगतोय असं वाटायचं.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या की धूर खाली बसला नाही, उलट सगळं आभाळच त्यानं भरलं. डाव्या डोळ्यानं त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. खिडकी कुठं आहे तेवढं कळत होतं.

गावातल्या जाणत्या बाईनं अंजन दिलं, कुणी मधाचं बोट फिरवायला सांगितलं. मालकांनी ते काही करू दिलं नाही. अमरावतीला डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू म्हणाले. आत्याबाई नको नको म्हणत होत्या, पण त्यांचं नको आता पूर्वीसारखं जोरात येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालक मळ्यावर थांबले आणि आम्ही दोघी गाडीनं निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

डॉक्टर वयस्कर होते, बोलणं पुण्याकडचं, मऊ. त्यांनी आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. हळूहळू आत्याबाईंच्या डोळ्यांतलं बुबुळ नाहीसं होऊन नुसता काळा गोल उरला, विहिरीत वाकून पाहावं तसा. मग काळे पडदे लावलेल्या खोलीत त्यांना नेलं. मीही गेले. अंधारात डॉक्टर हातातल्या दिव्याचा बारीक किरण त्यांच्या डोळ्यात सोडून, आपला चेहरा त्यांच्या चेहऱ्याला लागेल इतका जवळ नेऊन, बराच वेळ पाहत राहिले. परक्या पुरुषाचा श्वास इतका जवळ आल्यावर आत्याबाईंनी माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला फडक्याची पट्टी गुंडाळली, रबरी फुगा दाबून तीत हवा भरली आणि काचेच्या नळीत पारा वर चढवला. तो चढला आणि उतरताना फार वरच ठोके ऐकू आले असावेत, कारण डॉक्टरांनी हवा सोडून पुन्हा भरली, पुन्हा ऐकलं आणि मग हात धुतले.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्ताच्या शिरा असतात, केसाहून बारीक. आत्याबाईंच्या अंगात रक्ताचा दाब फार वाढला होता, आजचा नाही, कित्येक वर्षांचा. त्या दाबाखाली शिरा कडक झाल्या, अरुंद झाल्या, आणि डाव्या डोळ्यातली एक फुटली. तिचं रक्त डोळ्यातल्या पाण्यासारख्या गरात उतरलं. त्यांना दिसतं ते मुंग्या नाहीत, केस नाहीत, त्यांचंच रक्त आहे. उजवा डोळा अजून बरा आहे, पण त्यातल्याही शिरा दमलेल्या आहेत.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "अंगातल्या शिरा न कापता दिसतात अशी ही एकच जागा. इथं जे चाललंय तेच तुमच्या मेंदूत चाललंय, काळजात आणि मूत्रपिंडातही. डोळ्यानं आधी सांगितलं, एवढंच."

डोकं दुखणं, दम लागणं, पायांची सूज, कानातलं जातं, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं आणि प्रत्येक वेळी मान हलवली. ते सगळं एकच होतं. आम्ही त्याला वेगवेगळी नावं देत बसलो होतो.

खात्रीचं औषध नव्हतं. रक्त हळूहळू आपोआप जिरेल, महिने लागतील, सगळं जिरेल असंही नाही. तोवर मीठ बंद, लोणचं, पापड बंद, मशेरी बंद. वाकून काम नाही, ओझं नाही, संताप नाही. झोपताना उशी उंच करून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं, म्हणजे रक्त खाली बसेल. आणि त्यांनी एक अजब गोष्ट सांगितली. डोळ्यातलं चित्र आत उलटं पडतं, म्हणून रक्त तळाला बसलं की त्याचं सावट आत्याबाईंना वरच्या बाजूला दिसेल. घाबरू नका, ती चांगली खूण आहे.

परतताना थेंबांमुळे त्यांना उजेड सोसेना. स्टेशनापर्यंतचा रस्ता त्या पदर डोळ्यांवर ओढून चालल्या, आणि पदरातूनही सगळं पांढरं पांढरं दिसतंय म्हणाल्या, झाडं पांढरी, बैल पांढरे, माणसं कापसातून चालल्यासारखी. गाडीत त्यांनी एकदाच तोंड उघडलं.

"मिठाबिगर माणूस कसा जगन व?"

मी म्हटलं, मीही सोडते. ते त्या क्षणी तोंडून गेलं. मालकांसाठी वेगळं वाढायचं आणि आम्ही दोघींनी अळणी खायचं, असं गाडीत ठरलं.

अळणी जेवण म्हणजे काय ते पहिल्या आठवड्यात कळलं. भाकर मातीसारखी लागे. वरण तोंडात नुसतं गरम पाणी. मी लिंबू पिळून पाहिलं, चिंच घातली, लसूण चुलीत भाजून ठेचला, जिरं करपेपर्यंत भाजलं. आत्याबाई दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. मीही खात असे, त्यांच्या समोर बसून, त्यांच्याच ताटाइतकं. काही दिवसांनी जिभेला दुसरंच काही कळू लागलं. ज्वारीला गोडी असते, वांग्याला स्वतःची चव असते, कांदा भाजला की गुळासारखा होतो. आत्याबाईंना ते आधी कळलं की मला, सांगता येत नाही. एके दिवशी त्या नुसती भाकर चावत बराच वेळ बसल्या होत्या आणि ताट रिकामं झालं होतं.

खोलीच्या खिडकीला मी घोंगडी लावली. गोधड्यांच्या वळकट्या रचून उतार केला आणि त्यावर त्या टेकून असायच्या. मी दाराशी बसून हार करायची. बाहेर मोटेचं चाक कुरकुरायचं, पाणी पाटात पडल्याचा आवाज यायचा, आणि आतल्या काळोखात शेवंतीचा कडवट वास भरून राहायचा. अशा वेळी त्या बोलू लागायच्या. कधी जाग्या असायच्या, कधी अर्ध्या झोपेत. पाहिलेली स्वप्नं सांगायच्या. स्वप्नात त्यांना दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसायचं. त्या मोर्शीला, आपल्या माहेरच्या संत्र्याच्या बागेत फिरायच्या आणि प्रत्येक पानाची शीर न् शीर दिसायची. मग जाग यायची आणि सगळं पुन्हा धुरात जायचं. त्या म्हणायच्या, जागेपण आणि झोप यांची अदलाबदल झाली आहे. दिवस स्वप्नासारखा गढूळ आणि स्वप्न दिवसासारखं निवळ.

मशेरी सुटताना फार हाल झाले. हात थरथरायचे, चिडचिड व्हायची. राग यायचा तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या आणि पाठ नुसती वरखाली व्हायची. पण डोकं दुखणं हळूहळू कमी झालं. डोक्याला बांधायचं फडकं एक दिवस खुंटीवर टांगलेलं राहिलं आणि तिथंच राहिलं. पायांवरची सूज उतरली. जातं फिरायचं थांबलं.

आणि पौषातल्या एका सकाळी त्या म्हणाल्या, आज खाली निवळ आहे आणि वरून काळं लोंबतंय, छपराच्या वळचणीसारखं. मी घोंगडी थोडी बाजूला केली. डाव्या डोळ्यानं त्यांना माझी हनुवटी दिसली, मग ओठ. त्यांनी मला ओठ हलवायला सांगितले. मी काय बोलले ते आठवत नाही. त्या माझे ओठ हलताना पाहत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं.

माघ सरता सरता मोर्शीहून बोलावणं आलं. त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. मालक म्हणाले जाऊ नका, पण भावाकडचं कार्य चुकवणं आत्याबाईंना जमण्यासारखं नव्हतं, आणि त्यांना आता बरंच बरं वाटत होतं. मला सोबत घेऊन त्या गेल्या.

बाग तशीच होती, जशी त्यांनी काळोखात मला सांगितली होती. काही झाडांवर पिवळी फळं लदलेली आणि काहींवर नवा बहर फुटलेला, त्यामुळे हवेत इतका वास की बोलताना तो तोंडात यायचा. लग्नघरी कुणालाही आत्याबाईंच्या अळणी खाण्याची खबर नव्हती. वहिनींनी आग्रहानं लोणच्याची फोड वाढली, भावानं पापड मोडून ताटात टाकले. मी डोळ्यांनी खुणावलं. त्या म्हणाल्या, एक दिवसानं काय होतं. पण लग्नघर म्हणजे काही एक दिवस नसतो. तिसऱ्या पंगतीला कुठल्याशा मानापमानावरून भावाशी त्यांची जुंपली. कित्येक महिन्यांत न ऐकलेला तो मोठा आवाज मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकला. धावत गेले तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर टरारून फुगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेतल्या विहिरीवर तोंड धूत होते. त्या माझ्या मागून आल्या, पण मधेच थांबल्या. मी वळून पाहिलं. दोन झाडांच्या मधे उभ्या होत्या, हात थोडे पुढं केलेले.

"पोरी," त्या म्हणाल्या, "उजव्यात बी आलं."

मी जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले. उजव्या डोळ्यासमोर मधोमध तांबूस धब्बा होता, पाहावं तिथं तो आधी जाऊन बसायचा. डावा अजून अर्धा झाकलेला. माझ्या चेहऱ्याची फक्त कड त्यांना दिसत होती. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, मला थोडं फिरव. मग आम्ही दोघी झाडांच्या रांगांमधून चाललो. त्या वासावरून सांगत होत्या, हे बहराचं झाड, हे फळाचं. हात लावून पान ओळखत होत्या. त्यांच्या बापानं लावलेलं एक झाड त्यांना शोधायचं होतं. खोडावर हात फिरवत फिरवत त्यांनी एका झाडापाशी थांबून सांगितलं की हेच ते. ते होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. त्यांनी खोडाला कपाळ टेकलं आणि तशाच उभ्या राहिल्या. उन्हाचे ठिपके त्यांच्या पाठीवर हलत होते आणि मला वाटत होतं की आपण दोघी कुठल्यातरी खोल, हिरव्या पाण्याच्या तळाशी उभ्या आहोत.

त्याच दिवशी मोटारीनं अमरावतीला आलो. डॉक्टरांनी पाहिलं, पारा चढवला. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. डाव्याइतकं हे मोठं नाही, म्हणाले. पडद्यावरच थोडं सांडलंय, ते जिरू शकेल. मग म्हणाले, पुढची शीर कुठं फुटेल ते सांगता येणार नाही. डोळ्यात फुटली तर डोळा जातो. डोक्यात फुटली तर अर्धं अंग जातं, नाहीतर माणूस.

आत्याबाई ऐकत होत्या. त्यांना डॉक्टरांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्या आवाजाच्या रोखानं कान करून बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "समजलं मले."

घरी आल्यावर त्यांनी चाचपडत चाचपडत स्वयंपाकघरात जाऊन लोणच्याची बरणी उतरवली आणि कुणाला तरी देऊन टाक म्हणून माझ्या हातात दिली. मालकांनीही त्या दिवसापासून वेगळं वाढून घेणं सोडलं.

उन्हाळा आला. तो सगळा उन्हाळा आत्याबाईंनी स्वतः सांभाळला, मला काही सांगावं लागलं नाही. उजाडताना, ऊन चढायच्या आत, त्या माझा हात धरून मोर्णेच्या काठानं चालायच्या. नदी आटून वाळूतून बारीक धार वाहायची. आधी मी पुढं आणि त्या मागं, मग शेजारी शेजारी, आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्या दोन पावलं पुढं चालताहेत. अंग उतरलं होतं. चढण चढताना त्या बोलत होत्या. उजव्या डोळ्यातला तांबूस डाग पिवळा झाला, मग नुसता ओशट राहिला, मग कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. डाव्या डोळ्याला मधोमध एक ठिगळ कायमचं राहिलं. त्या डोळ्यानं माणूस दिसे, त्याचे नाक-डोळे दिसत नसत.

श्रावणात आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. पुन्हा थेंब, पुन्हा काळी खोली. डॉक्टरांनी उजवा डोळा पाहिला, खूप वेळ पाहिला, आणि म्हणाले, चांगलं आहे. दंडाला पट्टी बांधून पाराही पाहिला, तो बराच उतरला होता. आम्ही उठणार तोच आत्याबाई म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, माहा डोळा मले त दिसत नाई. हिले दाखवा. हे पाहून सांगन मले."

डॉक्टर हसले. मग मला जवळ बोलावलं आणि ते लहानसं उपकरण माझ्या हातात दिलं. कसं धरायचं, कुठून पाहायचं ते सांगितलं. मला आधी काहीच दिसेना, नुसता लाल उजेड. आत्याबाईंचा श्वास माझ्या गालावर येत होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी माझं डोकं थोडं कलवलं आणि एकदम ते दिसलं.

पिकल्या संत्र्याच्या रंगाचं एक आभाळ होतं. त्यात एका बाजूला फिकट, उगवत्या चंद्रासारखं वाटोळं, आणि त्या वाटोळ्यातून शिरा निघालेल्या, वर, खाली, दोन्हीकडे, फांद्यांना फांद्या फुटत जाव्यात तशा, टोकाला इतक्या बारीक की कुठं संपतात ते कळत नव्हतं. काही शिरा झळझळीत, बारीक, काही जाड आणि गडद. एका जागी बारीक शीर जाड शिरेवरून गेली होती आणि तिथं खालची शीर चिमटीत धरल्यासारखी दबलेली होती. डॉक्टर म्हणाले, ती जुन्या दाबाची खूण, ती राहणार. मग मी त्या वाटोळ्याकडे पाहत राहिले, आणि तिथली एक गडद शीर हलली. पुन्हा हलली. ती ठोक्यागणिक किंचित मिटत होती आणि भरत होती. मग उपकरण जरासं हललं आणि सगळं निघून गेलं, पुन्हा नुसता लाल उजेड.

परतीच्या वाटेवर पाऊस नव्हता, पण सगळीकडे ओलं होतं. कपाशीची हिरवी शेतं खिडकीतून मागं जात होती. आत्याबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला होता. पदराआडूनच त्यांनी मला विचारलं आणि मी सांगत गेले. रंग सांगितला, चंद्र सांगितला, फांद्या सांगितल्या, दबलेली जागा सांगितली. शेवटी ती हलणारी शीर सांगितली.



"ते थांबत नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही थांबत."

"मी निजली तरी?"

"निजलात तरी."

मग त्या म्हणाल्या, "मंग इतके वर्सं त्या बिचाऱ्या जिवाले मीनच तरास देल्ला."

त्यांचा हात माझ्या मांडीवर होता. मनगटाशी माझी बोटं गेली तेव्हा तिथंही ते चाललेलं होतं, सावकाश, एकसारखं.

त्यानंतर आत्याबाई पुष्कळ वर्षं जगल्या. राग त्यांचा गेला असं मी म्हणणार नाही. तो यायचा, पण आला की त्या बोलणं अर्ध्यावर टाकून विहिरीवर जाऊन बसायच्या आणि आम्हाला कळायचं. उजव्या डोळ्यानं त्या शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत होत्या. वऱ्हाडचा प्रांत बदलला, राज्य बदललं, मळ्याच्या कडेनं घरं उठली, आणि एका हिवाळ्यात, ताप येऊन, फारसं न झिजता त्या गेल्या. डोळा, मेंदू, काळीज, यांतल्या कशानंही त्यांना फसवलं नाही.

पण मला त्यांची आठवण येते ती डॉक्टरांकडच्या त्या श्रावणानंतर आलेल्या दसऱ्याची. बाजारात झेंडूचे ढीग पडले होते, पिवळे आणि केशरी, आणि गिऱ्हाईक रांगेनं उभं होतं. आमचं दुकान भरात होतं. आधीच्या प्रत्येक दसऱ्याला आत्याबाई त्या ढिगामागे दिवसभर बसायच्या, जेवायला उठायच्या नाहीत, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी दुपारी त्यांनी हातातलं तोरण पुरं केलं, गाठ मारली, आणि अंगावरच्या पाकळ्या झटकून उभ्या राहिल्या.

"तू बैस," मला म्हणाल्या. "मी घरी जाऊन जराशी निजतो."

आणि भर गर्दीतून, झेंडूच्या त्या पिवळ्या उजेडातून, कुणाचा हात न धरता, घाई न करता चालत गेल्या. मी मान उंच करून बघत होते. वळणापर्यंत त्या मला दिसत होत्या.